व्हिएन्नाला कॉन्फरन्सला चाललोय, पहिल्यांदाच परदेशी – व्हिसा, पोस्टर, खाणंपिणं, काय काय लागेल सांगा

भूगर्भी
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय, आपमतलबी म्हणा हवं तर. पुण्यात पीएचडी करतोय, सह्याद्रीतल्या दरडींवर काम आहे. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, म्हणजे ईजीयूची वार्षिक सभा व्हिएन्नाला असते, यंदा ३ ते ८ मे २०२६, तिथे माझं संशोधन मांडणारं पोस्टर आहे. आनंद दहा मिनिटं टिकला, मग टेन्शन. आमच्या घरातलं कुणीच कधी देशाबाहेर गेलेलं नाही, पासपोर्ट कोरा करकरीत, गाईडना विचारलं तर म्हणतात होतं रे सगळं, पण ते कसं होतं ते काही सांगत नाहीत.
तर प्रश्न असे की व्हिसाला कधी लागायचं, राहायचं कुठे, पोस्टर विमानात कसं न्यायचं, मी शाकाहारी आहे (अंडं चालतं) तर आठवडाभर खायचं काय, आणि आई म्हणते तिकडच्या सरांना हापूसची पेटी घेऊन जा, मे महिना आहे, तर ते चालतं का. हसू नका.

चकली_सम्राट
पेटी तिकडच्या सरांना आणि धाग्यावर सल्ले देणाऱ्यांना काय? :)

रानजाई
अभिनंदन! आता लगेच कामाला लाग. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण त्या पंधरावर जाऊ नकोस. निर्णयालाच पंधरा दिवस धरलेले असतात, त्यांना शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतं, आणि मार्चनंतर सुट्टीला युरोप फिरायला जाणाऱ्यांची अशी झुंबड असते की अपॉइंटमेंटच मिळत नाही. आधी स्लॉट घे, मग कागद जमव.

कागद म्हणजे कॉन्फरन्सचं निमंत्रण पत्र, संस्थेची एनओसी आणि रजा मंजुरी, फेलोशिपचं पत्र, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्का मारून, राहण्याचं बुकिंग, तिकिटाचं आरक्षण आणि प्रवास विमा. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) चालणारा हवा, तारखा येण्याजाण्याच्या दिवसासकट बघून घे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असावा आणि दोन पानं कोरी, तुझी सगळीच कोरी आहेत म्हणा. मित्रांकडून उसने घेऊन खात्यात एकदम दोन लाख टाकायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नकोस, स्टेटमेंटमध्ये ते उघड दिसतं, त्यापेक्षा खर्च कोण करतंय त्याचं स्वच्छ पत्र जोड.

आता नीट वाच, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे (जून २०२४ पर्यंत ८० होती), पण वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकाला ती माफ असते, युरोपच्या व्हिसा नियमावलीच्या (व्हिसा कोड) १६व्या कलमात चक्क लिहिलंय. व्हिसा सेंटरच्या काउंटरवर सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. मला तिथला मुलगा म्हणाला मॅडम असं काही नसतं. मी कलमाची प्रिंट नेलेली, त्या ओळीवर पिवळा मार्कर मारून, ती समोर सरकवली. तो आत गेला, बराच वेळ आलाच नाही, मागची लाईन माझ्याकडे खाऊ की गिळू बघतेय, शेवटी आला आणि फी न घेता पावती फाडली. सेंटरचं सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं. संस्थेच्या पत्रात तुझ्या नावापुढे ‘संशोधक’ हा शब्द येईल असं बघ.

भूगर्भी
बाप रे, ९० युरो म्हणजे माझं मेसचं दोन-तीन महिन्यांचं बिल. ताई धन्स, कलमाची प्रिंट आजच काढतो.

अंजनवेल
रानजाईला अनुमोदन. माझी एक भर, नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर ‘स्वतःचं नाव वडिलांचं नाव’ असं दोन्ही मिळून नावाच्या रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. कॉन्फरन्सच्या फॉर्मवर आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो आणि निमंत्रण पत्र तसंच येतं. माझं तर त्यावर ताण, पेपर सगळे माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. मग पत्र परत मागवा, त्यात आठवडा गेला. पत्र, विमा, हॉटेल, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच्या तेच नाव, स्पेलिंगसकट. कॉन्फरन्सच्या बिल्ल्यावर काय छापायचं ते नंतर बदलता येतं.

खडूस_काका
सल्ले चांगले चाललेत पण मूळ प्रश्न कुणी विचारला नाही. पैसे कोण देतंय? सरकारी अनुदान असेल तर तिकीट कुठल्याही ॲपवरून स्वस्त दिसलं म्हणून काढू नका. सरकारी खर्चाचं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढायचा नियम आहे. आमच्या लॅबमधल्या एका हुशार पोराने चार हजार वाचवले आणि पूर्ण तिकिटाचे पैसे घालवले.

दुसरं, बोर्डिंग पास. हे तर कोरून ठेवा. प्रत्येक टप्प्याचा, जातानाचा आणि येतानाचा. हिशेब विभागाला तुमचं संशोधन कळत नाही, बोर्डिंग पास कळतो. मोबाईलवर घेतला असेल तरी काउंटरवरून कागदी मागून घ्या. पीएचडीच्या बायंडिंगपेक्षा जास्त जपा.

तिसरं, तुमचं नाव कार्यक्रमपत्रिकेत आलं की ‘आम्ही कॉन्फरन्सचे अधिकृत हॉटेलवाले, खोल्या संपत आल्यात, कार्ड नंबर द्या’ असे मेल आणि फोन येतात. चोर असतात. कॉन्फरन्सच्या स्वतःच्या साइटवर जाऊन बघितल्याशिवाय कुठेही कार्ड नंबर द्यायचा नाही.

भूगर्भी
काका, कालच असा एक मेल आलाय आणि मी ‘किती छान, स्वतःहून विचारतायत’ म्हणून उत्तर लिहायला घेतलं होतं...

खडूस_काका
वाचलात.

डॅन्यूबकाठची
मी अकरा वर्षं व्हिएन्नात आहे, मूळची सांगलीची, दरवर्षी तुमच्या ईजीयूच्या आठवड्यात मेट्रोमध्ये गळ्यात बिल्ला आणि खांद्यावर पोस्टरचं नळकांडं घेतलेली माणसं दिसायला लागतात तेव्हा समजतं वसंत आला :)

कॉन्फरन्स ऑस्ट्रिया सेंटरमध्ये असते, मेट्रोच्या यू-वन लाईनवर कायझरम्युलन-व्हीआयसी स्टेशन. म्हणून राहायला यू-वन लाईन धर, मग शहराच्या कुठल्याही टोकाला राहिलास तरी चालतं. सेंटरजवळची हॉटेलं महाग आणि केव्हाच भरतात. दक्षिणेला केप्लरप्लाट्झ, रॉयमानप्लाट्झ बाजूला त्यामानाने स्वस्त, उत्तरेला काग्रान. फुकट रद्द होणारं बुकिंग कर, व्हिसाचं काही सांगता येत नाही.

विमानतळावरून हिरवी-पांढरी कॅट ट्रेन दिसेल, सगळीकडे तिचीच जाहिरात आहे, सोळा मिनिटांत वीन मिट्टे स्टेशनला सोडते पण महाग आहे. त्याच विमानतळावरून एस-सेव्हन लोकल जाते, दहाएक मिनिटं जास्त लागतात, तिकीट एकदम कमी. प्राटरश्टर्नला उतर, तिथे यू-वन मिळते. नाहीतर रेलजेट या जलद गाडीने हाउप्टबानहोफ (मुख्य स्टेशन), तिथूनही यू-वन.

तिकिटाचं एक सांगते, इथे स्टेशनवर फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही, त्यामुळे आपल्या माणसाला वाटतं फुकट आहे. कागदी तिकीट घेतलं तर निळ्या छोट्या मशीनमध्ये घालून टक् असा शिक्का मारायचा, नाहीतर खिशात तिकीट असून तू विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यातही असतात, दंड शंभर युरोच्या वर आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे त्यांनी जगातल्या सगळ्या भाषांत ऐकलेलं आहे. सात दिवसांचा पास ॲपवर काढ म्हणजे शिक्क्याची भानगडच नाही. फक्त विमानतळ शहराच्या झोनबाहेर आहे, तेवढ्या तुकड्याचं तिकीट वेगळं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रविवारी इथे दुकानं बंद. थोडी बंद नाही, बंद म्हणजे बंद, सुपरमार्केटसुद्धा. यंदा १ मे शुक्रवारी येतोय, तीही सुट्टी (तुमचा महाराष्ट्र दिन, आमचा कामगार दिन), आणि शनिवारी दुकानं संध्याकाळी सहाला मिटतात. म्हणजे २ तारखेला रात्री उतरलास तर सोमवारपर्यंत दूध-ब्रेड मिळायची मारामार. प्राटरश्टर्न, हाउप्टबानहोफ अशा मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं तेवढी रविवारी उघडी असतात, तिथे सगळं शहर लोटतं.

पाणी विकत घेऊ नकोस. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली पाइपलाइन १८७३ची आहे. संडासातल्या बेसिनचं पाणी पण तेच, बाटली भर आणि पी.

चकली_सम्राट
खाण्याचं खातं माझ्याकडे. मी दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा फसलोय.

लेबरकेझं नावाचा प्रकार टपरीवर दिसेल, गुलाबी वडी, पावात घालून देतात. केझं म्हणजे चीज एवढं जर्मन मला येत होतं म्हणून ऐटीत मागितलं. त्यात चीज नाही, निव्वळ मांस आहे. दुसऱ्या वेळी फ्रिटाटेनझुपे, सूपमध्ये धिरड्याच्या कापून शेवया, काय निरागस दिसतं, अर्धं प्यायल्यावर कळलं की पाणी बीफच्या हाडांचं आहे. तेव्हा नुसतं ‘मीट नाही ना’ विचारून भागत नाही, सूप कशाच्या पाण्यात आहे तेही विचारायचं.

चालतं काय तर फलाफल, पिझ्झा, नाशमार्क्ट या बाजारात तर टपऱ्यांची रांगच आहे, चीज घातलेले श्पेट्झलं (जाड शेवयांसारखा प्रकार), आणि अंडं चालतं म्हणतोयस तर कायझरश्मार्न खाल्ल्याशिवाय येऊ नकोस, जाड पॅनकेक फाडून प्लमच्या मुरंब्याबरोबर देतात. सुपरमार्केटमध्ये ‘व्हेगन’ छापलेलं बरंच मिळतं. घरून मेतकूट, लाडू, थालिपिठाची भाजणी ने, किचन असलेली खोली मिळाली तर राजा आहेस.

डॅन्यूबकाठची
तूप मात्र नको हं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूधदुभतं आणि मांस आणायला बंदी आहे, त्यात तूप, खवा, पनीर सगळं आलं. माझ्या आईने अर्धा किलो कढवलेलं साजूक तूप मोज्यांत घालून लपवलं होतं, कस्टम्सच्या बाईने ते हातमोजे घालून कचऱ्यात टाकलं, आईला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.
आणि हापूस पण नाही. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं आणायची तर रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त पाच फळांना आहे – केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्यूरियन (ते उग्र वासाचं, फणसासारखं).

चकली_सम्राट
म्हणजे हापूस नाही आणि ड्यूरियन चालतो?? अख्खं विमान बेशुद्ध पडेल ते चालेल पण देवगडचा आंबा नको. घोर कलियुग.

खडूस_काका
त्यात कलियुग नाही, फळमाशी आहे. आपल्या आंब्याच्या पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून युरोपने २०१४ मध्ये बंदीच घातली होती, २०१५च्या जानेवारीत उठवली. निर्यातीचा माल प्रक्रिया होऊन, दाखला घेऊन जातो, तुमच्या बॅगेतला नाही.

रानजाई
अजून एक, खसखस. दुबई किंवा दोहामार्गे जाणार असशील तर खसखस, अनारसे, खसखस घातलेला मसाला काहीही नको. आखाती देशांत ती अमली पदार्थात मोडते आणि तिथे गंमत नसते. खोकल्याचं कोडीनवालं औषधही नाही. बाकी औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ने.
गंमत म्हणजे व्हिएन्नात खसखशीचे स्ट्रूडल बेकरीत ढिगाने.

भूगर्भी
इस्तंबूलमार्गे मिळतंय तिकीट, आयआरसीटीसीवरून. लंडनमार्गे अजून थोडं स्वस्त दिसतंय, काय करू?

रानजाई
लंडन नको! भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि तुझ्या शेंगेन व्हिसाने ते भागणार नाही. इस्तंबूल घे.

भूगर्भी
अपडेट: व्हिसा आला!!! फी माफ झाली, प्रिंट दाखवावीच लागली, पण झाली. एनओसीवर सही मिळायला मात्र सतरा दिवस लागले, सही करणारे साहेब एका लग्नात, मग दुसऱ्या लग्नात.
आता पोस्टर. ए-झिरो मापाचं (साधारण ८४ बाय ११९ सेंटीमीटर) उभं केलंय, डिझाइन तयार, उद्या छापायला टाकतोय. कापडावर छापतात म्हणे, घडी घालून नेता येतं, पण आमच्या इथला माणूस आठ दिवस मागतोय.

रानजाई
थांब थांब थांब. उभं?? ईजीयूचा बोर्ड आडवा असतो, १९७ सेंटीमीटर रुंद आणि उंची फक्त १००. ए-झिरो उभं केलं की ११९ होतं. खालचे १९ सेंटीमीटर लोंबकळणार आणि तुझे निष्कर्ष लोकांच्या गुडघ्यांना वाचायला लागणार.

भूगर्भी
😱

भूगर्भी
रात्री अडीचपर्यंत बसून आडवं केलं. कापडाला वेळ नाही, कागदावरच छापतोय, नळकांडं आणलंय.

अंजनवेल
नळकांडं हातात ने, चेक-इन करू नकोस. त्यावर नाव-फोन चिकटव. पीडीएफ स्वतःला मेल करून ठेव. आणि बॅग हरवली तर पोस्टरच्या दिवशी घालायला एक शर्ट केबिन बॅगेत.

खडूस_काका
कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, ॲपमध्ये जाऊन चालू करा, मुंबई सोडायच्या आधी, कारण ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार आणि तिकडे रोमिंग नसेल तर बसा बोंबलत. दुकानात मशीन विचारेल रुपयांत देऊ की युरोत, नेहमी युरो. रुपया बघून जीव भरून येतो पण दर ते लावतात. शेपन्नास युरो रोख ठेवा, छोट्या कॅफेत कार्ड घेत नाहीत.

डॅन्यूबकाठची
लॅपटॉपची तीन पिनांची वायर इथे बसत नाही, ॲडॉप्टर पुण्यातूनच घे. आणि एक गरम जाकीट. मे आहे म्हणून फसू नकोस, सेंटर डॅन्यूबच्या बेटासारख्या भागात आहे, वारा असा सुटतो की नळकांड्यासकट उडशील.
विमानतळावर येण्याजाण्याच्या नोंदीची नवीन युरोपीय पद्धत आहे, ईईएस, १० एप्रिलपासून सगळीकडे पूर्ण लागू, फोटो घेतात आणि नोंद कॉम्प्युटरवर. रांग लांब असते, मध्ये घाईची कनेक्शन ठेवू नका कुणी.

भूगर्भी
(१२ मे) आलो परत. सगळ्यांचे उपकार. लिहितो सविस्तर पण थोडं आत्ताच.

इमिग्रेशनला सव्वा तास उभा. फोटो काढला आणि झालं, पासपोर्टवर शिक्काच नाही. आईने आल्या आल्या पासपोर्ट मागितला, पानं उलटून बघितली, म्हणे गेला होतास ना नक्की? व्हिसाचं स्टिकर दाखवलं तेव्हा समाधान झालं.

पहिल्या सकाळी कायझरम्युलनला उतरून गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या लोकांमागे चालत राहिलो आणि अर्धा तास ज्या रांगेत उभा राहिलो ती शेजारच्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीची निघाली. सिक्युरिटीवाल्याने नळकांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि न बोलता बोट दाखवलं. दिवसातून बऱ्याच जणांना दाखवत असावा.

पोस्टर बसलं बरोब्बर. शेजारच्या बोर्डवर एक जण उभं ए-झिरो घेऊन आला होता, बिचारा खालची बाजू दुमडून पिना मारत होता, त्याला मी माझ्या उरलेल्या पिना दिल्या आणि मनात रानजाईताईला नमस्कार केला. एक इटालियन बाई माझ्याशी पाऊण तास बोलल्या, त्यांच्याकडे पण अशाच दरडी, डेटा देते म्हणाल्या. हापूसऐवजी आंबापोळी दिली त्यांना, त्यांनी आधी वास घेतला, मग कव्हर आहे की खायचं असतं विचारलं.

कायझरश्मार्न तीनदा खाल्लं. फ्रिटाटेनझुपे मेन्यूत दिसलं तेव्हा वेटरसमोरच हसू आलं.

चकली_सम्राट
आंबापोळीची कल्पना भारी. उरली का?

खडूस_काका
बोर्डिंग पास?

भूगर्भी
काका, तेच सांगायला परत आलोय. चारपैकी तीन आहेत. इस्तंबूल-व्हिएन्नाचा सापडत नाहीये. बॅग तीनदा उलटी केली, जाकिटाचे खिसे, पासपोर्टचं कव्हर, सगळं बघितलं. बिलं परवा द्यायचीत.

खडूस_काका
विमानात बसताना हातात काय होतं? शांतपणे आठवा.

भूगर्भी
पाण्याची बाटली, पासपोर्ट, नळकांडं

भूगर्भी
नळकांड्यातच होता. पोस्टरच्या आत गुंडाळी होऊन बसला होता. त्याच्यावर पोस्टरची निळी शाई लागलीये पण सीट नंबर वाचता येतोय, चालेल ना?

खडूस_काका
चालेल. आधी झेरॉक्स काढा, मग जमा करा.